मुलगी गप्प, म्हणून आई बोलते

समुपदेशनासाठी आलेल्या, नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या एका आईबाबांचा प्रश्न नेहमीचाच होता: नववीतली मुलगी दुकानात, नातेवाइकांत, वर्गात तोंड उघडत नाही, आग्रह धरावा की सोडून द्यावं? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

निम्मं उत्तर पहिल्या भेटीतच दिसलं. मुलीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आई देत होती, आणि बाबा ‘अगं, बोल ना!’ म्हणून डाफरत होते. मुलगी अडली की आई सांभाळून घेते, दोघींना हायसं वाटतं. गोची तिथेच आहे. ‘मला जमलंच नसतं’ हा मुलीचा समज पक्का होतो आणि पुढच्या वेळी आई आणखी लवकर धावते. ते बघून बाबा चारचौघांत ‘भित्री’ म्हणतात, मुलगी आणखी मिटते. सुरुवात कोणी केली हे शोधत बसू नये. बदल पालकांपासून सुरू करता येतो: येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या, मुलांच्या चिंतेवरच्या ‘स्पेस’ उपचारपद्धतीत तर समुपदेशकाच्या बैठका फक्त पालकांबरोबर होतात.

आईची एकच मदत आधी थांबवली: मुलीच्या वतीनं क्लासच्या सरांना व्हॉट्सअ‍ॅप करणं. सगळंच एकदम बंद केलं तर घरात रणकंदन होतं. आधी सांगून ठेवलं, ‘सोमवारपासून शंका तू विचारायचीस. तुला जड जातं हे कळतं मला, पण जमेल तुला.’ यातलं नुसतं ‘जड जातं’ म्हटलं तर कीव होते, नुसतं ‘जमेल’ म्हटलं तर दटावणी. सुरुवातीला रडारड वाढते. नेमकं तेव्हाच ‘आजच्यापुरतं’ म्हणून मेसेज केला, तर मोठ्यानं रडलं की काम होतं, हे मुलगी शिकते.

बाबांनी पाहुण्यांसमोर विशेषणं लावायची नाहीत आणि कुणी मुलीला काही विचारलं तर मनात १० आकडे मोजायचे. हे त्यांना सगळ्यात कठीण गेलं.

मुलीनं भीतीला ० ते १० गुण देत पायऱ्या लावल्या: झेरॉक्सवाल्याकडे दोन कॉप्या मागणं ३, एनएमएमटीच्या बसमध्ये वाशीचं तिकीट काढणं ४, सरांना फोन ६, वर्गात हात वर करणं ९. एकच पायरी आठवड्यात चार-पाचदा, गुण निम्म्यावर येईपर्यंत, आई दुकानाबाहेर. कानात हेडफोन नको, नाहीतर धीराचं श्रेय हेडफोनला जातं. एकदा कंडक्टर ‘मोठ्यानं बोल’ म्हणून खेकसला आणि ४ चे ७ झाले. पायरी बदलली नाही, फक्त दुपारची रिकामी बस निवडली.

त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला किंवा शाळा बुडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावंच. स्वतःला इजा करण्याची भाषा निघाली तर त्याच दिवशी. टेली-मानस, १४४१६, हा सरकारी मोफत क्रमांक रात्रीही चालतो.