बिलात जादा डेटा? आधी वेळेचा रकाना बघा

घरी फायबरचं वाय-फाय आहे, मी अंगणापलीकडे फारशी जातही नाही. तरी जुलैच्या पोस्टपेड बिलात जादा डेटाचे 246 रुपये लागलेत. कंपनी लुटते आहे का? – गुहागर

कंपनीला धरण्याआधी लाइटचा हिशेब मांडा. जुलैत आपल्याकडे लाइट कितीदा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. लाइट गेली की राउटर बंद पडतो, पण फोन मुकाट मोबाइल डेटावर जातो आणि नातवाचं कार्टून न अडखळता पुढे चालू राहतं. वर राउटर माजघरात, झोपाळा पडवीत आणि मधे चिऱ्याची जाड भिंत असली, तर लाइट असूनही हेच होतं.

बिलावर जादा डेटाचा दर छापलेला असतो. तो एमबीला 2 पैसे असेल तर 1 जीबीचे 20 रुपये 48 पैसे, म्हणजे तुमच्या 246 रुपयांत साधारण 12 जीबी. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला जीबीभर सहज खातो, तेव्हा हा आकडा अशक्य नाही. कंपनीच्या ॲपवरून तपशीलवार बिल उतरवून घ्या आणि वेळेचा रकाना बघा. लाइट गेलेल्या संध्याकाळीच डेटा उडालेला दिसला, तर भांडण तिथेच मिटतं. राउटरला छोटा यूपीएस (लाइट गेल्यावर चालणारी बॅटरी) लावा, ॲंड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा घाला, आयफोन असेल तर ‘वाय-फाय असिस्ट’ (वाय-फाय कमजोर झालं की आपोआप मोबाइल डेटा वापरणारी सोय) बंद करा. फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. गणपतीत आरतीचे व्हिडिओ काढून झाल्यावर हे आठवून उपयोग नाही.

आणि पहाटे तीनला, सगळे झोपलेले असताना दोन-दोन जीबी गेलेले दिसले, तर मात्र कोणतं ॲप ते खातंय ते सेटिंगमध्ये शोधा. तिथेही काही सापडलं नाही, तर तक्रार कराच.

कुडाळहून पणजीला गेलो तर रोमिंग लागतं का? – कुडाळ

नाही. दूरसंचारच्या नकाशात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये, म्हणजे सेवेच्या विभागात, आहे. मुंबईचं सर्कल मात्र वेगळं, म्हणून चाकरमान्यांच्या मुंबईच्या सिमवर गावी रोमिंगचा ‘आर’ दिसतो. हल्लीच्या बहुतेक प्लॅनमध्ये त्याचे वेगळे पैसे नसतात.

आईचा साधा बटणांचा फोन, प्रीपेड. नेट वापरत नाही, तरी बॅलन्स जातो. – दापोली

बटण चुकून दाबलं जाऊन ब्राउझर उघडतो, नाहीतर कुठलीतरी गाण्यांची किंवा भविष्याची सेवा चालू झालेली असते. आईच्या फोनवरून 1925 ला STOP असा एसएमएस पाठवा, डेटा बंद होईल. तो फुकट आहे. नको असलेल्या सेवा बंद करायला 155223 वर फोन लावा. पैसे नेमके कशात गेले ते हवं असेल, तर प्रीपेडवालेही मागच्या सहा महिन्यांतला तपशील मागू शकतात. त्याला 50 रुपयांपेक्षा जास्त आकार लावता येत नाही.

मुलगा क्रूझवर नोकरीला आहे. इंटरनॅशनल पॅक मारलेला असून बिल हजारांत. बिल मी भरतो. – रत्नागिरी

किनारा सुटला की फोन जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो. ते कुठल्याच देशाचं धरलं जात नाही आणि बरेचसे पॅक तिथे चालत नाहीत. पॅकच्या अटी काढून त्यात जहाजाचा उल्लेख आहे का ते वाचा. असेल, किंवा डेटा रोमिंग बंद असूनही पैसे लागले असतील, तर कंपनीच्या 198 वर तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) लिहून घ्या. काउंटरवरचं “बघतो हां काका” हे तक्रारीत धरत नाहीत. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. अपिलाला फी नाही आणि निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यात दूरसंचार सेवा स्पष्ट लिहिलेली आहे.

अटींमध्ये जहाज वगळलेलं असेल, तर पैसे सुटणं कठीण. मुलाला आजच कळवा: जहाजावर चढताना एरोप्लेन मोड, मग फक्त जहाजाचं वाय-फाय.