‘मॅडम, मुलगी धर्म तर बदलणार नाही ना?’

अमेरिकेत मुलं शिकत असलेले मराठी पालक समुपदेशनासाठी माझ्याशी ऑनलाइन बोलतात, तेव्हा विषय बहुतेकदा फीचा, एकटेपणाचा किंवा लग्नाचा असतो. अलीकडे आणखी एक काळजी वरचेवर कानावर येते. कॉलेज कॅथलिक आहे, थिऑलॉजी, म्हणजे ईश्वर आणि श्रद्धेचा अभ्यास, घ्यावीच लागते, मग मूल आपलं राहील का?

सुनीता आणि प्रकाश (नावं आणि काही तपशील बदलले आहेत) मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत स्थायिक. मुलगी मैत्रेयी डॉक्टर व्हायचं ठरवून जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात गेली. दुसऱ्या वर्षी मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवायची वेळ आली तेव्हा तिने थिऑलॉजी निवडली. मेडिकलसाठी लागणारे प्री-मेडचे विषय ती सोडणार नव्हती, पण ते घरात कोणाच्या कानातच शिरलं नाही.

“फादरांनी तिच्या डोक्यात काय भरवलंय कोण जाणे,” सुनीता म्हणाल्या. मी विचारलं, तुमची शाळा कुठली? त्या सांगलीच्या कॉन्व्हेंटच्या. रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणत दहावी झालेल्या. हे सांगता सांगता त्या थांबल्या. “पण आम्ही नुसतं पाठ म्हणायचो, मॅडम. ही विचार करतेय.”

खरी भीती तिथे होती. मुलगी प्रश्न विचारू लागली होती, आणि उद्या घरच्या देवाबद्दल तिने विचारलं तर उत्तर काय द्यायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मी मैत्रेयीला वर्गात काय वाचता ते आणायला सांगितलं. पुढच्या सत्रात ती टिपणं घेऊन बसली. बायबलच्या सुरुवातीलाच सृष्टीच्या उत्पत्तीच्या दोन कथा आहेत. पहिलीत प्राणी आधी आणि माणूस शेवटी, दुसरीत पुरुष आधी आणि प्राणी नंतर. हा फरक प्राध्यापक स्वतःच दाखवतात आणि त्यावर लिहायला लावतात. बायबलमधले साहित्यप्रकार आणि त्यामागचा इतिहास तपासून अभ्यास करा, असं पोप बारावे पायस यांनी 1943 सालीच कॅथलिक अभ्यासकांना सांगितलं होतं. मग तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मचिंतक थॉमस अक्वायनस. देव आहे का, या प्रश्नाला हात घालताना तो आधी विरोधकाचं म्हणणं मांडतो : देव असीम चांगला असेल तर जगात वाईट कसं?

“हा तर पूर्वपक्ष झाला,” प्रकाश एकदम म्हणाले. त्यांचे वडील संस्कृतचे शिक्षक होते. समोरच्याचा मुद्दा आधी पूर्ण ताकदीने मांडायचा, मग खोडायचा, हे त्यांनी लहानपणी घरात ऐकलेलं. त्या तासात पहिल्यांदाच ते मुलीशी आरोप न करता बोलले.

अशा पालकांना मी काही गोष्टी स्पष्ट सांगते. अशा वर्गात मार्क वाचनाला आणि युक्तिवादाला मिळतात, श्रद्धेला नाही. सदसद्विवेकाविरुद्ध कोणावरही कॅथलिक श्रद्धा लादू नये, असं खुद्द चर्चच्या कायद्यात लिहिलेलं आहे. प्रौढ माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर त्याने स्वतः मागणी करावी लागते आणि आधी तयारीचा बराच काळ जातो. 1965 साली चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हिंदूंच्या तत्त्वचिंतनाचा आदराने उल्लेख केला. नोकरीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलला मेजर कोणतंही चालतं. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्ससारखे ठरावीक विषय आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा मात्र व्हावी लागते.

पण पालकांची भीती वेडगळ आहे, असं मी म्हणत नाही. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. ती आठवण कोकणातल्या कितीतरी घरांत अजून आहे. हे मी बोलले तेव्हा मैत्रेयी म्हणाली, “मी त्यावरच पेपर लिहितेय.” थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 मध्ये गोव्यातल्याच राचोलला त्याचं ख्रिस्तकथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. मराठीत, दहा हजारांहून जास्त ओव्या. ज्या काळात देवळं पाडली गेली, त्याच काळात एक परदेशी पाद्री ओवीच्या प्रेमात कसा पडतो, हा तिचा प्रश्न होता. जुनं मराठी तिला झेपत नव्हतं आणि बाबाला विचारायची सोय उरली नव्हती.

“मॅडम, ती ख्रिश्चन होणार नाही एवढं तरी सांगा,” सुनीता शेवटी म्हणाल्या. अशी हमी मी देत नाही. वीस वर्षांच्या मुलीच्या श्रद्धेची हमी कोणीच देऊ नये. मी एवढंच म्हटलं, तिलाच विचारा.

त्यांनी विचारलं. मैत्रेयी जरा वेळ घेऊन म्हणाली, “आत्ता तरी मनात नाही, आई. आलं तर तुला आधी सांगेन. पण मी काय वाचतेय ते तू कधीतरी विचार ना.”

सुनीतांची काळजी पूर्ण गेलेली नाही. चॅपलमध्ये गेल्याचं मुलीने सांगितलं की त्यांची झोप अजून उडते, आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे. प्रकाश रविवारी मुलीला क्रिस्तपुराणातल्या ओव्या लावून देतात. ज्या अडतात त्या सांगलीच्या जुन्या मास्तरांना विचारतात. मैत्रेयीने थिऑलॉजी कायम ठेवली आहे. या सेमिस्टरला तिची ऑरगॅनिक केमिस्ट्री आहे, आणि सध्या घरात खरी भांडणं तिच्या मार्कांवरून होतात.