चिपाडाच्या कोळशानं बोअरचं खारं पाणी गोडं होईल का?

प्रश्न: आमचं रान शिरोळ तालुक्यात, नदीकाठाला. बोअरचं पाणी मचूळ झालंय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलीग्रॅममध्ये) 1500 दाखवतोय. घरच्या आरओतनं प्यायला जेवढं मिळतं त्याच्यापेक्षा जास्त गटारीत जातं. कुणीतरी सांगितलं की कोळशाच्या इलेक्ट्रोडला करंट देऊन मीठ काढता येतं. आमच्या गुऱ्हाळावर चिपाडाला काय तोटा नाही, तर तसला कोळसा चालंल का? आणि ते पाणी उसाला देता येईल का? – एक शेतकरी वाचक

उत्तर: दादा, तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, त्या पद्धतीला कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन म्हणतात, थोडक्यात सीडीआय. कोळशाच्या दोन शीट समोरासमोर ठेवायच्या, मधनं पाणी सोडायचं आणि साधारण 1.2 व्होल्ट द्यायचे. पाण्यात विरघळलेल्या मिठाचं सोडियम मायनस शीटकडं ओढलं जातं, क्लोराइड प्लसकडं, आणि दोघं कोळशाच्या बारीक छिद्रांत भिंतीला धरून राहतात, त्यामुळं बाहेर येणाऱ्या पाण्यात मीठ कमी. कोळसा भरला की व्होल्टेज काढून दोन्ही शीट शॉर्ट करायच्या, मीठ सुटतं, ते खारं पाणी वेगळं काढायचं आणि परत सुरू. फिल्टरमधल्या साध्या कोळशानं वास जातो, क्लोरीन जातं, पण मीठ तसंच राहतं कारण तिथं करंटच नसतो.

आता चिपाडाचं. चुलवाणातनं काढलेला कोळसा थेट चालत नाही. तो वाफ नाहीतर पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून 700 ते 900 अंशाला परत तापवायला लागतो, म्हणजे आतनं पोखरला जातो, आणि मग एका ग्रॅमला 1000 चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग मिळतो. एका ग्रॅममध्ये दहा गुंठे, विचार करा! पण नुसते गुंठे मोजून भागत नाही. अंगावरच्या पाण्यासकट सोडियमचा आयन (विद्युतभार असलेला कण) साधारण 0.7 नॅनोमीटरचा, त्यामुळं फार अरुंद छिद्रात त्याला शिरायला जड जातं. मीठ मुख्यतः 2 नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रांत साठतं, पण सगळीच छिद्रं तसली असली तर आत पोचायलाच वेळ लागतो, म्हणून 2 ते 50 नॅनोमीटरची मोठी छिद्रंही पाहिजेत, आतबाहेर करायला. शिवाय उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका असते, ती धुऊन काढावी लागते नाहीतर जागा अडते. प्रयोगशाळेत चिपाडापासनं, नारळाच्या करवंटीपासनं असे इलेक्ट्रोड झालेत, त्यामुळं कल्पना हवेतली नाही, पण भट्टीचं आणि रसायनांचं काम घरी करण्यातलं नाही, ते करूच नका.

हिशोब बघूया. साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन एका फेरीत ग्रॅमला साधारण 10 मिलीग्रॅम मीठ धरतो. टीडीएस 1500 वरनं 500 वर आणायचा (500 ही भारतीय मानकाची इष्ट मर्यादा) तर लिटरमागं 1 ग्रॅम काढायचं, म्हणजे एका फेरीला 100 ग्रॅम कोळसा. घरात प्यायला 20 लिटर लागत असेल तर अर्धा किलो कोळसा दिवसातनं चारदा भरला-सोडला की झालं. वीज, काहीच वाया गेली नाही असं धरलं तर 1000 लिटरला साधारण अर्धा युनिट, प्रत्यक्षात जास्त जाते पण मीठ सोडताना त्यातली थोडी परतही घेता येते. मला तरी हे पिण्याच्या पाण्यासाठी फार आशेचं वाटतं. मात्र सीडीआयनं जंतू मरत नाहीत, ती सोय वेगळी करावीच लागते.

उसाला मात्र नको. एकरभर रानाला एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर, त्यातनं काढायचं मीठ 100 किलो, एका फेरीत काढायला कोळसा 10 टन! आणि निघालेलं खारं पाणी सोडणार कुठं, ओढ्यात? तुमच्याकडं रानं क्षारपड झालीत ती मुख्यतः जादा पाण्यानं आणि निचरा नसल्यानं, भूजल वर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करणं आणि ठिबकवर येणं हेच खरं काम आहे. पैसे घालायचेत तर तिथं घाला.

प्रश्न: मी कोल्हापुरात बीएस्सीला आहे. प्रोजेक्टसाठी जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या मिठाच्या पाण्यात घालून 12 व्होल्टची बॅटरी लावली, बुडबुडे आले, उग्र वास आला, पण टीडीएस फारसा हललाच नाही. काय चुकलं?

उत्तर: आधी ते बंद कर, आणि खिडकी उघड! तो वास क्लोरीनचा आहे, बंद खोलीत तो धोक्याचा. दुसऱ्या कांडीवर हायड्रोजन निघतो. सुमारे 1.23 व्होल्टच्या वर पाणीच फुटायला सुरुवात होते, म्हणून सीडीआयमध्ये 1.2 च्या आसपास थांबतात. आणि कांडी भरीव, तिला छिद्रं कितीशी, मीठ बसणार कुठं?

ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड बाइंडरमध्ये (चिकटवणाऱ्या पदार्थात) कालवून ग्राफाइट शीटवर पातळ थर दे, दोन शीटमध्ये जाळी ठेव, व्होल्टेज कमी ठेव आणि दर मिनिटाला कंडक्टिव्हिटी लिहून काढ, खरा प्रोजेक्ट तो होईल. बऱ्याच फेऱ्यांनी कपॅसिटी उतरलेली दिसली तर प्लसकडची शीट बघ, तिथला कार्बन हळूहळू ऑक्सिडाइज होतो, मधनंमधनं पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदलली की झीज दोन्हीकडं वाटली जाते. अमेरिकेत 1960 च्या सुमारास याची सुरुवात झाली, नव्वदीत तिथल्याच लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं कार्बन एरोजेल (अतिशय हलका, सच्छिद्र कार्बन) वापरून ते पुढं नेलं, आणि इलेक्ट्रोडचं हे झिजणं अजूनही डोकेदुखीच आहे, त्यामुळं तुझे आकडे उतरले तरी खोडू नकोस, तसेच रिपोर्टात घाल.