वय ३४, बी.कॉम. झालंय, खासगी कंपनीत नोकरी आहे. आता एलएलबी करून वकील होता येईल का?

होता येईल. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के असले की तीन वर्षांच्या एलएलबीला बसता येतं, आणि वयाची अट आडवी येत नाही. राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. नंतर कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं जीएलसी (सरकारी विधी महाविद्यालय) मिळालं तर उत्तमच, पण वकिली आपल्याच जिल्ह्यात करायची असेल तर मी जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज घेईन. तिथे शिकवायला येणारे वकील रोज त्याच कोर्टात उभे असतात, पुढे सिनिअरही त्यांच्यातूनच मिळतो.

खरा प्रश्न नोकरीचा आहे. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते. ‘फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. घरबसल्या केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज शोधा आणि ऑफिसच्या वेळेचं आधीच बोलून घ्या.

सनद काढणं आता स्वस्त झालंय. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० आणि एससी-एसटींना १२५ रुपयांवर आणून ठेवलं. त्याआधी बार कौन्सिलं हजारोंनी घेत होती. अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते, पण तिथे टिपणं नसलेले, नुसत्या कायद्याच्या मजकुराचे बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. मात्र पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. म्हणजे सनद घ्यायची वेळ आली की राजीनामा.

आणि पगार थांबतो तेव्हाच ज्युनिअरशिप, म्हणजे सिनिअर वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होते. तारखा घ्या, नकलांचे अर्ज करा, रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) बघा, सिनिअर दुसऱ्या कोर्टात असले की प्रकरण पुकारलं की उभं राहून वेळ मागा. सिनिअर देतील ते पैसे, बऱ्याचदा पेट्रोलपुरतेच. बाविशीतल्या पोराला घरून डबा येतो, तुमच्यावर कदाचित घर चालत असेल. म्हणून फीपेक्षा या दोन-तीन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज आधी करा. कंपनीत अकाउंट्स बघत असाल तर जीएसटी किंवा चेक बाउन्सच्या कामात लवकर जम बसू शकतो, तसा सिनिअर शोधा.

न्यायाधीश व्हायचा विचार असेल तर मात्र आधी वयाचा हिशेब करा. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली सक्तीची केली, आणि त्या परीक्षेला वयोमर्यादा आहे.