फिलिपिन्समधल्या गावात लग्न: आधी परवान्याचे दिवस मोजा

होणारी बायको इलोइलो प्रांतातल्या एका छोट्या गावची, तुमच्या हातात १४ दिवसांची रजा, आणि तेवढ्यात तिथल्या मुनिसिपियोत, म्हणजे पालिकेच्या कार्यालयात, लग्न उरकेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही उरकणार. कारण तिथला कायदाच तसा आहे.

लग्नाचा परवाना देतो त्या गावचा लोकल सिव्हिल रजिस्ट्रार, म्हणजे स्थानिक नोंदणी अधिकारी. दोघांनी आपापला अर्ज शपथेवर भरायचा. मग तुमची नावं कार्यालयाच्या दाराबाहेरच्या फलकावर सलग १० दिवस लागतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. ते संपल्यावरच परवाना. तो निघाल्यापासून १२० दिवस देशभर चालतो, नंतर आपोआप रद्द.

पण अर्जाआधीच तुमचं एक काम आहे: भारतीय दूतावासाकडून विवाहक्षमतेचा, म्हणजे कायद्याने लग्न करायला मोकळे असल्याचा दाखला. दूतावास मनिलात, इलोइलो पानाय बेटावर. विमानाचे दिवसही धरा. दूतावासाला भारतातून कोणती कागदपत्रं लागतात ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या. मुलीला जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला, म्हणजे सेनोमार, लागेल. शिवाय दोघांना विवाहपूर्व समुपदेशनाला बसावं लागतं. छोट्या गावांत ते बहुधा ठरलेल्या वारीच असतं. तो वार हुकला की आठवडा गेला. मुलीला फोन करून वार विचारायला सांगा.

जून २०२५ पासूनची भारतीयांसाठीची १४ दिवसांची व्हिसामुक्त मुदत वाढवून मिळत नाही. तेव्हा आधी व्हिसा काढूनच जा, आणि किमान महिना हाताशी ठेवा.

वय विसरू नका. दोघांपैकी कुणी २१ ते २५ मधलं असेल तर आईवडिलांचा लेखी सल्ला जोडावा लागतो. तो नसला किंवा प्रतिकूल असला तर फलकावरचे १० दिवस संपल्यावर आणखी ३ महिने परवाना मिळत नाही.

आता आपल्या लोकांची हमखास होणारी चूक. अर्जात 'मिडल नेम'चा रकाना असतो. आपण तिथे वडिलांचं नाव लिहितो; तिथे मात्र मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. कारकून त्याच समजुतीने नोंद करतो, आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. पासपोर्ट समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच भरा. टाइप झालेला कागद सही करण्याआधी वाचा. नंतर साधी लेखनचूक सुधारायलाही अर्ज, १,००० पेसो शुल्क आणि पुन्हा फलकावर १० दिवस.

'पाच वर्षं एकत्र राहतोय असं प्रतिज्ञापत्र द्या, परवाना लागणार नाही' असं कुणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. ते खोटं असेल तर लग्नच शून्य. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात हेच ठरवलंय.

समारंभ मेयर लावू शकतात. दोन सज्ञान साक्षीदार हवेत. लग्न लावणाऱ्याने १५ दिवसांत कागद रजिस्ट्रारकडे पाठवायचे असतात. ते पोचले का, याची मुलीकडून खात्री करून घ्या. भारतात वापरायला गावची प्रत नको, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय पीएसएची प्रत घ्या आणि तिच्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, करून घ्या. पीएसएपर्यंत नोंद पोचायला बरेच आठवडे जाऊ शकतात, म्हणून ती प्रत मागून मुलीनेच काढलेली बरी.