चालढकल : वाचकांचे प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरे

चालढकलीविषयी येणाऱ्या पत्रांमध्ये आळस, सवय आणि आजार यांची गल्लत वारंवार दिसते. म्हणून त्यांपैकी निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चालढकल हा आजार आहे का?
नाही; परंतु ती एखाद्या आजाराचे लक्षण असू शकते.

प्रश्न : २१ दिवसांत सवय बदलून देणारा सशुल्क ऑनलाइन वर्ग लावावा का?
लावू नये. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली नोंदवलेल्या एका निरीक्षणातून उचलला गेला, आणि त्यांनीही ‘किमान’ इतके दिवस असेच म्हटले होते. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्याचा काळ साधारण ६६ दिवस निघाला, तोही व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवस. शुल्क घेणारे हे सांगत नाहीत.

प्रश्न : शेवटच्या क्षणी माझे काम अधिक चांगले होते, हे खरे ना?
काम उरकते. ते चांगले झाले की नाही, हे तपासण्याइतका वेळ तुम्ही ठेवलेलाच नसतो.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करतो. वेळापत्रके खूप केली, पण पुस्तक उघडण्याआधी टेबल आवरत बसतो.
वेळापत्रकाचा दोष नाही. पुस्तक समोर आले की जी धास्ती वाटते, ती टेबल आवरल्याने तेवढ्यापुरती टळते, म्हणून मन पुन्हा तिकडेच वळते. ‘उद्यापासून अभ्यास’ असे न ठरवता ‘सकाळी सात वाजता अभ्यासिकेत बसलो की राज्यघटनेचे पहिले प्रकरण उघडायचे’ असे वेळ, जागा आणि कृतीसह ठरवावे. वाया गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला कोसत बसू नये, कारण त्याने धास्ती वाढतेच. महिनाभरात फरक न पडल्यास समुपदेशकांना भेटावे.

प्रश्न : चोवीस वर्षांचा मुलगा पूर्वी हुशार होता, आता अर्ज भरणे, मित्रांना फोन करणे, अंघोळसुद्धा पुढे ढकलतो. नातेवाईक लग्न लावून द्या म्हणतात. बुद्धिवर्धक सिरप सुरू केले आहे.
सिरप बंद करा. ताई, तुम्ही वर्णन केले आहे त्याला घरोघरी ‘आळशी’ हे एकच नाव मिळते, आणि त्या नावाखाली मुलांची वर्षे जातात. पूर्वी उत्साहाने काम करणारा माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहत असेल, आवडत्या गोष्टींतूनही त्याचे मन उडाले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर नैराश्याचा विचार प्रथम करावा लागतो. थायरॉइडची कमतरता, लहानपणापासून असलेली अवधानाची समस्या, तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायला लावणारा मंत्रचळ यांमुळेही कामे अशीच रखडतात, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. हे निदान पत्रावरून मी करणार नाही; शेजारच्यांनी तर मुळीच करू नये. एकाग्रतेसाठी मित्रांकडून घेतलेल्या गोळ्या धोकादायक असतात. लग्न हा उपचार नव्हे. त्यात आणखी एका मुलीचे आयुष्य ओढले जाते. या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग असतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे तो एकदा जरी बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तो यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोललात तरी चालते.