साठी ओलांडल्यावर युगांडाच्या जंगलात चालत जाऊन गोरिला बघणं झेपेल का?

तुम्ही विचारलंय की वय ६१, डावा गुडघा कुरकुरतो, राजगड मात्र अजून वर्षातून एकदा होतो. तर आफ्रिकेच्या पर्जन्यवनात गाइडबरोबर चालत जाऊन गोरिला बघणं झेपेल का, आणि त्यापायी एवढे पैसे घालावेत का. झेपेल. पैशांचं मागाहून बोलते.

भाचा युगांडाच्या राजधानीत, कंपालात नोकरीला आहे म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये माझं जाणं झालं. माझं वय ५७. जाताना मीही तुमच्यासारखाच हिशोब मांडला होता की एवढे गड केलेत, हे काय अवघड? तो हिशोब चुकला. दमसासाच्या बाबतीत नाही, पायाखालच्या जमिनीच्या बाबतीत. आपल्याकडे कितीही वाईट घसारा असला तरी खाली दगड किंवा कातळ असतो. युगांडात गोरिला बघायला ज्या ब्विंडीच्या जंगलात जातात, तिथे वाट सोडली की तुम्ही वेलींच्या आणि कुजलेल्या फांद्यांच्या गादीवर चालत असता. पाय टाकला की कधी घोट्यापर्यंत जातो, कधी मांडीपर्यंत, आणि खाली काय आहे ते दिसतच नाही. शिवाय उतार असे तिरके, की एक गुडघा सतत वर आणि एक खाली. आधाराला हात टाकावा तर नेमकी आपल्या खाजकुयरीची आठवण करून देणारी चावरी पानं हाताला लागतात. बागकामाचे जाड हातमोजे न्या, मिरवायला म्हणून नाही. आणि पँट मोज्यांत खोचा, कारण तिथल्या मुंग्या रांगेने चालतात आणि रांगेत पाय पडला की चढायला लागतात.

पोर्टर घ्या. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल. सह्याद्रीत आपली सॅक आपणच वाहायची ही आपली घमेंड असते, आणि मी ती तिकडेही घेऊन गेले. अर्ध्या तासात ओल्या उतारावर अशी बसले की उठवायला दोघं लागली. आमच्यातल्या एका जर्मन बाईंच्या पोर्टरने हात दिला तो परत येईपर्यंत सोडला नाही, आणि त्या बिचाऱ्या बाई आपली बॅग आपणच धरून चालल्या. वीसेक डॉलरचा प्रश्न असतो. ही आसपासच्या गावांतली मुलं असतात, कुठल्या फांदीवर भार टाकायचा ते त्यांना माहीत असतं. सॅक नेणं हे निमित्त. खरं काम चढावर पुढून ओढणं आणि उतारावर तुमच्या खाली उभं राहणं.

चालावं किती लागतं याला मात्र ठरलेलं उत्तर नाही, कारण इथे शिखर नसतं. गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करून झोपतात. माग काढणारे लोक भल्या पहाटे काल जिथे कळप सोडला तिथे जातात, घरटी शोधतात, तिथून पुढचा माग धरतात आणि वायरलेसवर गाइडला कळवतात. कळप जवळ असेल तर तासाभरात पोहोचाल, नसेल तर चार-पाच तासही लागतात. सकाळी कोणाला कुठल्या कळपाकडे पाठवायचं हे ठरतं, तेव्हा गुडघ्याचं स्पष्ट सांगा. लाजू नका. त्यांच्याकडून होईल तेवढं जवळचा कळप देतात. पुढेमागे बंदूकधारी रक्षक असतात ते गोरिलांसाठी नाहीत, जंगलात हत्ती आहेत म्हणून. वेळ आलीच तर हवेत बार काढायला.

आम्हाला अडीच तास लागले. मग गाइडने सॅक, काठ्या, पाण्याच्या बाटल्या सगळं तिथेच ठेवायला लावलं, मास्क चढवायला सांगितला (आपली सर्दी त्यांना जिवावर बेतू शकते, शिंकणाऱ्या माणसाला सकाळीच परत पाठवतात) आणि कोयत्याने एक फांदी बाजूला केली. समोर नर बसला होता, आमच्याकडे पाठ करून. पाठीवरचे केस राखाडी, खांदे दाराएवढे. तो एक वेल दाताखालून ओढून सोलत होता, आणि इतक्या शांततेत तो सोलल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. गाइड मधूनमधून घशातून 'म्म्ह्ह' असा आवाज काढत होता. आमच्या गावी बुजरी म्हैस धारेला उभी राहावी म्हणून आजी असाच काहीतरी हुंकार द्यायची. अर्थही तोच असावा: आम्ही आहोत, काही गडबड नाही. थोड्या वेळाने नराने तसंच उत्तर दिलं.

माझ्या लक्षात राहिले ते त्याचे हात. रुंद काळी नखं, बोटांच्या पेरांवर सुरकुत्या, आणि पान तोडताना अंगठा जसा वळतो तो. गाइड नाकावरच्या वळ्यांवरून एकेकाला ओळखत होता. एक पिल्लू वेलीवरून धपकन पडलं, इकडेतिकडे बघितलं आणि कोणी पाहिलंच नाही अशा थाटात परत चढलं. पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. माझे फोटो म्हणाल तर हिरव्या रंगात काळे डाग आहेत.

एका कळपाकडे दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं, तीही एकच तास. घड्याळ गोरिला दिसल्यापासून लागतं. तास झाला की गाइड ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता पैसे. परदेशी माणसाला परमिट ८०० डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या घरात, आणि त्यात विमान, गाडी, मुक्काम काही आलं नाही. रवांडात तेच १५०० डॉलर आहे. पहाडी गोरिला जगात हजाराच्या थोडे वर उरलेत, आणि ते कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. बघायचे तर युगांडा, रवांडा नाहीतर काँगो. परमिटच्या पैशांवर हे जंगल राखलं जातं. माझ्या मते एकदा घालण्यासारखे पैसे आहेत. हातचं राखून ठेवलेलं काढावं लागणार असेल तर जाऊ नका. युगांडातच किबालेच्या जंगलात चिंपांझी २५० डॉलरात बघता येतात, जमीन बरीच सपाट आहे, गुडघ्याला सोपं. फक्त चिंपांझी एका जागी बसत नाहीत, मान वर करून पळावं लागतं.

ब्विंडीचं जंगल १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं. आता त्यांच्यातले काहीजण पर्यटकांना आग पेटवून दाखवतात, नाचून दाखवतात. मेळघाटातली गावं हलवल्याच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला ते बघताना टाळ्या वाजवणं जड जातं. मी अर्ध्यातून उठले.

बुकिंग करताना परमिट कुठल्या भागाचं आहे ते स्वतः वाचा. ब्विंडीत चार भाग आहेत: बुहोमा, रुहिजा, रुशागा, एन्कुरिंगो. आमच्या एजंटने मुक्काम बुहोमाला ठेवला आणि परमिट रुशागाचं काढलं. नकाशावर शेजारी दिसतात, रस्त्याने तीन तासांहून जास्त. पहाटे साडेतीनला उठून अंधारात निघालो, आणि गोरिला दिसण्याआधीच निम्मी शक्ती गाडीत गेली.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागते, ठरावीक केंद्रांवरच मिळते, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तुम्ही साठी ओलांडलीय, तेव्हा थेट केंद्रावर जाऊ नका. या वयात लसीचा त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. दाखला परततानाही जपून ठेवा, भारतात उतरल्यावर विचारतात. पाऊस तिथे बारा महिने आहे, जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरे.

खाण्याची काळजी नको. रस्त्याच्या कडेला 'रोलेक्स' मिळतो, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. अंडं खात नसाल तर नुसती चपाती मागा. पदार्थ आपल्याच लोकांबरोबर तिकडे गेलेला, नावही तिथे चपातीच. मी कौतुकाने त्या पोराला म्हटलं की आमच्याकडेही रोज हीच करतात. त्याने तव्यावरची उलटवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवली?"